विस्कटलेले रुमाल : पुरात भिजलेल्या मोडी कागदांचं एक प्रकरण

(व्यक्ती, घराणं, पेठ आणि संस्था यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

पार्श्वभूमी

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. तिथली इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. नदीकडच्या पेठांमधले वाडे तेव्हा तीन-चार दिवस पाण्यात उभे होते. त्यातल्या एका वाड्यात, देवघराशेजारच्या फडताळात, मोडी कागदांचे सात रुमाल आणि एक संस्कृत पोथी होती. रुमाल म्हणजे लाल खारव्याचा चौकोनी तुकडा. मधोमध कागदांची चळत ठेवायची आणि चारही पदर वर घेऊन गाठ मारायची. घराण्याकडे एकेकाळी एका इनामी गावाचा कारभार होता. त्यामुळे हिशेबाच्या यादी, पत्रं, ताकिदी (म्हणजे लेखी हुकूम), कर्जरोखे आणि पुढच्या काळातले दरबारी छापील अर्ज असा सगळा ऐवज त्यात होता. सुटे कागद एकूण ११४०.

खालच्या खणातले चार रुमाल पूर्ण पाण्याखाली गेले. वरचे तीन अर्धेमुर्धे भिजले. पाणी ओसरल्यावर घरची मंडळी परतली आणि कोणीही केलं असतं तेच त्यांनी केलं. रुमाल सोडून कागद माडीवर खाटांवर, पाटांवर, जुन्या वर्तमानपत्रांवर पसरले. खारव्याची फडकी चिखलाने माखली होती, ती धुऊन दोरीवर टाकली. पाच रुमाल असे मोकळे झाले. दोन राहिले, ते केवळ जागा संपली म्हणून.

तिसऱ्या दिवशी घरातल्या एका मुलीने, जी स्वतः इतिहासाची विद्यार्थिनी होती, शहरातल्या एका विद्यापीठीय इतिहास विभागाला फोन केला. घरातले थोरले आबा म्हणाले, "उन्हात वाळवून घ्यायचं की, त्यात काय मोठं?" पण ऊन कुठे होतं? पाऊस थांबलेला नव्हता.

अडचण

पहिली अडचण बुरशीची. दमट आणि उबदार हवेत ओल्या कागदावर ४८ ते ७२ तासांत बुरशी धरते. विभागाची माणसं वाड्यात पोचली तेव्हा ही मुदत संपत आली होती आणि काही कागदांच्या घडीत पांढरी लव दिसत होती.

दुसरी अडचण कागदाच्या जातीची. हातकागद लिहिण्याआधी खळ लावून घोटलेला असतो. पाण्यात ही खळ पुन्हा चिकट होते आणि दाबाखाली कागद एकमेकांना धरतात. काजळाची शाई पाण्याने पसरत नाही, कारण काजळ विरघळतच नाही. मात्र तिला कागदावर धरून ठेवणारा डिंक मऊ पडतो. अशा अक्षरावरून ओला बोळा फिरवला की अक्षर बोळ्यावर येतं. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या गिरणीच्या कागदावरचे जांभळे रबरी शिक्के आणि कॉपिंग पेन्सिलचं लिखाण पाणी लागताच फुटतं. म्हणजे जुने कागद काही दिवस तग धरणार आणि त्या मानाने नवे आधी जाणार. बहुतेकांचा अंदाज याच्या नेमका उलटा असतो.

तिसरी अडचण त्या दिवशी कोणाच्याच लक्षात आली नाही. पाच रुमालांचा क्रम गेला होता.

पोथीचं तसं नव्हतं. तिची ८४ पानं विस्कटली, पण प्रत्येक पानाच्या समासात पत्रांक, म्हणजे पानाचा क्रमांक, होता, त्यामुळे संस्कृतच्या प्राध्यापिकेने ती अर्ध्या दिवसात लावली. (दुरुस्तीच्या जागी हरताळ लावलेली होती. तो आर्सेनिकचा पिवळा रंग, म्हणून हातमोजे आणि मास्क घालून.) मोडी कागदांवर सहसा पत्रांक नसतो. कोणता कागद कोणाच्या शेजारी होता, हे फक्त त्या गाठीला ठाऊक असतं.

समोरचे पर्याय

वाड्यातच वाळवणं हा घरच्यांचा आग्रह होता. पण भिंती कमरेपर्यंत ओल्या होत्या, वीज नव्हती आणि हवेतली आर्द्रता इतकी की टीपकागदसुद्धा नुसता ठेवला तरी सर्द व्हायचा. हा पर्याय लगेच बाद झाला.

पुण्या-मुंबईच्या संवर्धन प्रयोगशाळेकडे पाठवणं कागदावर उत्तम होतं. पण शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने रस्ता बंद राहिला होता, आणि तो खुला झाल्यावरही ओले कागद टेम्पोत घालून पुण्यापर्यंतसुद्धा २३० किलोमीटर हलवणं शहाणपणाचं नव्हतं. कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे, तिथे कायमचे जमा करण्याचाही विषय निघाला. घरच्यांना कागद परत हवे होते, त्यामुळे तो तिथेच थांबला.

उरले दोन. सगळे कागद विभागात आणून एकदम हवेवर वाळवायचे, किंवा गोठवून ठेवायचे आणि जमेल तसे थोडे थोडे काढायचे. एका कागदाला सरासरी दीड चौरस फूट जागा धरली तर ११४० कागदांना १७०० चौरस फूट लागतात. विभागाचा सगळ्यात मोठा वर्ग ६०० चौरस फुटांचा. शिवाय एका माणसाने नीट केलं तर दिवसाला ४०-५० कागदच हाताळून होतात. हिशेबच सांगत होता की गोठवायला हवं. गोठवल्याने कागद वाळत नाही, बुरशी मरतही नाही. ती फक्त थांबते. पण वेळ मिळतो, आणि या प्रकरणात सगळ्यात तुटवडा वेळेचाच होता.

काय केलं

राजारामपुरी उंचावर असल्याने तिथे पाणी नव्हतं. तिथल्या एका आइस्क्रीमच्या घाऊक विक्रेत्याकडून ४०० लिटरचा आडवा फ्रीझर भाड्याने घेतला. तापमान उणे १८ ते २० अंश. कागदांचे दोन इंचांपेक्षा जाड नसलेले गठ्ठे केले, दर आठ-दहा कागदांमागे बटर पेपर घातला आणि गठ्ठे झिपच्या पिशव्यांत भरले. जाड गठ्ठा मध्यापर्यंत गोठायला वेळ लागतो. सावकाश गोठलं की बर्फाचे कण मोठे होतात आणि कागदाचे तंतू फाकतात. बांधलेले दोन रुमाल मात्र जाडच होते आणि सोडायचे नाहीत असं ठरलं होतं, म्हणून ते गाठीसकट तसेच आत गेले. जांभळ्या शिक्क्यांचे कागद बाजूला काढून त्याच संध्याकाळी वाळवायला घेतले. त्यातल्या १९ कागदांवरचे शिक्के तोवर फुटले होते. मजकूर मात्र बहुतेक वाचला.

टीपकागद शहरात मिळेना. एका छापखान्याने रिळाच्या शेवटी उरणारा कोरा न्यूजप्रिंट दिला. तो आम्लयुक्त असतो, कायम ठेवायला वाईट, पण थोड्या वेळापुरता ओल शोषायला चांगला. काम असं चाले : आदल्या संध्याकाळी एक पिशवी बाहेर काढायची, पण उघडायची नाही, म्हणजे दंव पिशवीच्या बाहेर धरतं. सकाळी कागद सोडवायचे, लाकडी चौकटीला ताणून बसवलेल्या मच्छरदाणीच्या जाळीवर ठेवायचे. पंखा छताकडे तोंड करून, कागदावर कधीच नाही. अर्धवट ओल राहिली की दोन कोऱ्या कागदांत घालून वर प्लायवूड आणि चार-पाच किलोचं वजन. कागद बदलायचे अर्ध्या तासाने, मग दोन तासांनी, मग रात्रभर. दमट हवा शोषणारं यंत्र लावून खोलीतली आर्द्रता ५५ टक्क्यांखाली ठेवली. पूर्ण वाळायच्या आधी वजन काढलं तर कागद पापडासारखा होतो आणि मग सरळ करायला पुन्हा दमट करावा लागतो. पहिल्या आठवड्यात हे दोनदा झालं.

लांब कागदांची, म्हणजे बंदांची, वेगळी तऱ्हा. बंद एकाला एक खळीने जोडलेले असतात आणि पाण्यात जोड सुटतात. पण पाठीमागे जोडावर शिक्का उमटवलेला असतो, अर्धा या बंदावर, अर्धा त्या. दोन अर्ध्या भाकरी जुळाव्यात तसे ते जुळवले, की लांबच्या लांब कागद पुन्हा उभा राहतो. २६ गुंडाळ्यांपैकी २४ अशा जुळल्या.

याच काळात एक चांगलं वाटणारं काम घातक ठरलं. सगळ्यात चिखलाचे ७० कागद स्वच्छ पाण्याच्या ताटात, जाळीवर धरून, हलकेच धुतले. चिखल काढण्याची ही रीत चुकीची नाही, कागद खरंच उजळ झाले. पण त्याबरोबर कागदावरच्या पाण्याच्या डागाची तपकिरी रेघही गेली. तिची किंमत पुढे कळली.

निर्णयाची खरी जागा : यादी कशी करायची

वाळलेल्या प्रत्येक कागदाला मागच्या बाजूला २बी पेन्सिलने क्रमांक दिला, दोन्ही बाजूंचं छायाचित्र घेतलं आणि आम्लरहित फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावला. विभागात एम.ए.ला मोडी शिकलेले चौघे होते. त्यांनी सहा महिन्यांत तारखांची यादी केली.

मोडी कागदांवर बहुधा शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या दफ्तरांत चालणारी कालगणना, असतो, तोही अरबी अंकनामांत. 'खमस अशर मयातैन व अलफ' म्हणजे पाच, दहा, दोनशे आणि हजार : १२१५. हा सन मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात, बदलतो. म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारी ते मृगापर्यंत ६०० मिळवायचे. १२१५ म्हणजे इ. स. १८१४-१५. यात नेहमी पाय घसरतो तो 'खमस' आणि 'खमसैन' यांत. पहिलं पाच, दुसरं पन्नास.

यादीत एक ताकीद 'खमसैन मयातैन व अलफ', म्हणजे १२५०, इ. स. १८४९-५० अशी नोंदली गेली. कागदाच्या त्या जागी डाग होता आणि 'खमस'च्या पुढची दोन-तीन अक्षरं बसली होती. वाचणाऱ्याने उरलेल्या फराट्यावरून 'ऐन' धरलं. हे वाचन दोघांनी तपासलं आणि दोघांनाही पटलं. कागद घोटलेला हातकागद होता. १८५०च्या सुमारास तोही वापरात होताच, पण त्या सुमाराचे इतर कागद पाहता शंका यायला हरकत नव्हती. ती आली नाही.

शंका आली ती वेगळ्याच वाटेने. एका विद्यार्थ्याला दिसलं की तारखेने शेजारी आलेल्या कागदांची भोकं जुळत नाहीत, आणि फोल्डरभर अंतरावरच्या दोन कागदांची मात्र तंतोतंत जुळतात. कसर कागद वरवर कुरतडते. आरपार गोल भोक पाडते ती भुंग्याची अळी, आणि ती चळतीतून बोगदा काढत जाते. म्हणजे भोकांची मालिका हाच चळतीचा जुना क्रम. कागद घडी केलेला असला की एका बोगद्याची दोन किंवा चार भोकं होतात, म्हणून आधी जुन्या घड्या शोधून कागद तसा दुमडायचा आणि मग पाहायचं. भोकं पारदर्शक प्लास्टिकवर टिपली आणि प्रकाशाच्या पेटीवर एकमेकांवर ठेवली. बोगदा सरळ नसतो. दर कागदाला तो केसभर सरकतो आणि ती सरक एकाच दिशेने जाते. क्रम उलटा लागला तर सरक उलटी दिसते.

याला दोन साक्षी आणखी मिळाल्या. खारव्याचा लाल रंग फुटून चळतीच्या अगदी वरच्या आणि खालच्या दोन-तीन कागदांवर गुलाबी कड आली होती. ते रुमालाचे दोन टोकांचे कागद. आणि अर्धवट भिजलेल्या रुमालांत पाणी कडांनी आत शिरून मध्ये कोरडं बेट उरलं होतं. त्या बेटाची किनार, म्हणजे ती तपकिरी रेघ, कागदागणिक थोडी थोडी आकसत जाते. धुतलेल्या ७० कागदांवर ही रेघ नव्हती.

विश्वास कितपत ठेवायचा, हे तपासायला न सोडलेले दोन रुमाल कामी आले. त्यांचा क्रम खात्रीचा होता. त्यातल्या ६० कागदांची छायाचित्रं पिसून, क्रम माहीत नसलेल्या एका विद्यार्थिनीला दिली. ५१ तिने बरोबर लावली. चुकलेली नऊ बिनभोकांची होती. त्यावरून नियम ठरला : दोन साक्षी जुळल्याशिवाय क्रम लिहायचा नाही.

निष्पत्ती

मोकळ्या झालेल्या पाच रुमालांत ७८० कागद होते. त्यातल्या ५४० चा क्रम लागला. १७० कागद कोणत्या रुमालातले एवढंच सांगता आलं. धुतलेले ७० अधांतरी राहिले.

ती ताकीद भोकांच्या मालिकेत १२१४ आणि १२१६ च्या दोन हिशेबांमध्ये बसली. गुलाबी कड नव्हती, पण रेघ जुळत होती. डागाची जागा पुन्हा कडेच्या प्रकाशात, म्हणजे बाजूने तिरपा उजेड टाकून, पाहिली तेव्हा 'खमस'पुढे 'अशर'च्या अक्षरांचा दाब दिसला. म्हणजे कागद १८४९-५० चा नाही, १८१४-१५ चा. पस्तीस वर्षांची चूक दुरुस्त झाली. शिवाय तिच्या लगत असलेल्या चार कागदांच्या बिनतारखेच्या धान्ययादीलाही साल मिळालं. तारखेच्या फोल्डरमध्ये ती 'अनिर्दिष्ट' म्हणून शेवटी पडली होती, आणि तिथे तिला कोणी हात लावला नसता.

न सोडलेल्या दोन रुमालांचाही तोटा झालाच. त्यात ३६० कागद होते. क्रम शाबूत राहिला, पण ओल जास्त काळ कोंडल्याने त्यातल्या ३१ कागदांची एकसंध वडी झाली. वरचे चार थर स्टीलच्या पट्टीने सोडवायचा प्रयत्न झाला आणि चारही कागदांची शाई शेजारच्या कागदाला लागून आली. तिथेच हात आवरला. वडी अजून फ्रीझरमध्ये आहे.

कागद कोणाचे?

विभागाने पावती दिली ती आबांच्या एकट्याच्या नावाने, तीही 'सात रुमाल, एक पोथी' एवढ्याच वर्णनाची. वर्षभराने दुसऱ्या शाखेतले चुलत पुतणे आले. "कागद आमच्या आज्ज्याचे बी हैत," असं म्हणून त्यांनी इनामाच्या कागदाची नक्कल मागितली. जमिनीचा वाद चालू होता. विभाग पेचात पडला. नक्कल द्यावी तर ज्यांनी विश्वासाने कागद दिले ते दुखावणार, न द्यावी तर एका पक्षाची बाजू घेतल्यासारखं. शेवटी दोन्ही शाखांना एकत्र बसवून ठरलं की छायाचित्रांचा एक-एक पूर्ण संच दोघांनाही, मूळ कागद आबांकडे, आणि विभागाचं लिप्यंतर अभ्यासापुरतं. न्यायालयात लागेल ते शासनमान्य मोडी लिप्यंतरकाराकडून. बैठक तीन तास चालली, त्यातले दोन तास कागदांवर नव्हतेच.

वेगळं काय करता आलं असतं

फोनवरच सांगायला हवं होतं की सोडू नका. मुलीने फोन केला तेव्हा तीन रुमाल सोडायचे बाकी होते. विभागाची माणसं दोन तासांनी पोचली, तोवर त्यातला एक आणखी उघडला गेला.

पसरलेले कागदही उचलण्याआधी खाटा जशाच्या तशा टिपायला हव्या होत्या. माणूस चळतीतून कागद काढून ओळीने मांडतो, त्यामुळे एका खाटेवरचे कागद बहुधा एका रुमालाचे आणि बरेचसे क्रमाने असतात. गोळा करताना ते लहान-मोठे आकार बघून एकावर एक रचले, आणि उरलासुरला क्रमही विभागाच्याच हातून मोडला.

धुण्याबाबत मतं वेगळी आहेत. विभागातल्या काहींना आजही वाटतं की चिखल राहू देण्यापेक्षा रेघ गेलेली परवडली. पण धुण्याआधी कडेच्या प्रकाशात छायाचित्र घेतलं असतं तर दोन्ही साधलं असतं, यावर दुमत नाही. घेतलं नाही, कारण घाई होती, आणि रेघ म्हणजे घाण असंच सगळ्यांनी धरलं होतं.

तारखेप्रमाणे लावण्याची घाईही नडली. तारीख संगणकाच्या यादीत हवी तेव्हा लावता येते; कागद प्रत्यक्ष हलवण्याची गरज नव्हती.

आणि फडकी. त्यातल्या दोन फडक्यांवर चिठ्ठी शिवलेली होती असं घरच्यांना आठवतं, बहुधा रुमालात काय आहे त्याची. धुताना ती गेली. पावतीत 'सात रुमाल' लिहिलं होतं, पण कापडाकडे कोणी ऐवज म्हणून पाहिलंच नव्हतं.

जुलै २०२१ मध्ये शहरात पुन्हा पाणी भरलं, तेव्हा दुसऱ्या एका घरातून विभागाला फोन आला. या वेळी पलीकडच्या माणसाला आधी एवढंच सांगितलं : गाठ सोडू नका, फडकं धुवू नका, चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा आणि रुमाल गाठीसकट पिशवीत घाला. दुपारपर्यंत चार रुमाल आले. एकाच्या गाठीत खोचलेली चिठ्ठी भिजली होती, पण वाचता येत होती.